जलपर्णी, गाळ आणि मैलापाणी: विरंगुळ्याच्या तलावांची निगा

फिरायला, नौकाविहाराला, गळ टाकून बसायला किंवा नुसती संध्याकाळ घालवायला म्हणून शहराने राखलेला तलाव सहसा उथळ असतो. त्याचे पाणी पावसाळ्यात काही प्रमाणात बदलते आणि पुढचे आठ महिने जागच्या जागी राहते. भोवतालची जमीन मात्र दर दहा वर्षांनी ओळखू येत नाही इतकी बदलते. पवई तलाव १८९१ साली मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला. पाणी पिण्याजोगे न ठरल्याने तो लवकरच त्या कामातून बाद झाला आणि आता त्याचे पाणी आरे दुग्धवसाहतीला व औद्योगिक वापराला जाते. कोल्हापूरचा रंकाळा, ठाण्याची तलावपाळी, नागपूरचा अंबाझरी, पुण्याचा पाषाण तलाव या प्रत्येकाचा इतिहास वेगळा आहे, पण तक्रारी दोनच आणि कधी ना कधी सगळीकडे त्याच: पाण्यावर तण माजले आणि पाण्याला वास सुटला. या दोन तक्रारींची कामे बहुधा दोन खात्यांकडे, दोन निविदांत आणि दोन अंदाजपत्रकी शीर्षांत जातात. तलावाला ही विभागणी ठाऊक नसते. तण ज्यावर वाढते तेच पाणी बिघडवते, म्हणून एकाचा विचार दुसऱ्याला सोडून करता येत नाही.

पाण्यातली सगळीच हिरवाई तण नसते, हे आधी लक्षात घ्यावे लागते. पृष्ठभागावर मोकळी तरंगणारी, मुळे गाळात रोवून पाण्याखाली वाढणारी, पाने तेवढी वर पसरणारी आणि काठाच्या चिखलात उभी राहणारी असे पाणवनस्पतींचे ढोबळ प्रकार आहेत. कमळ, कुमुदिनी, व्हॅलिस्नेरिया, काठावरचे पाणकणीस हे तलावाचे जुने रहिवासी. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटे करतो, जांभळी पाणकोंबडी पाणकणसात लपते, माशांची पिल्ले पाण्याखालच्या झुडपांत मोठी होतात. पाणकणीस सगळा काठ व्यापून बसले किंवा बेशरमाची रांग पाण्यात उतरू लागली की मात्र छाटणी करावी लागते.

तरंगणाऱ्यांत जलपर्णीइतकी कुख्यात दुसरी वनस्पती नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली ही वनस्पती देखण्या जांभळट फुलांपायी जगभर नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली. तिथले जलमार्ग आणि भातखाचरे तिने इतकी भरून टाकली की १९३६ साली प्रांतिक सरकारला जलपर्णीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आडव्या फुटव्यांना नवी रोपे लागत जातात. पाणी कोमट आणि सकस असले की एक-दोन आठवड्यांत थराचा विस्तार दुप्पट होतो. शिवाय बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते. दाट थराचे ओले वजन हेक्टरी २०० ते ४०० टन भरते आणि त्यात ९० ते ९५ टक्के पाणीच असते. पिस्टिया आणि साल्व्हिनिया या तिच्याच रीतीने वाढणाऱ्या वनस्पती; मध्य प्रदेशात सारणीच्या सातपुडा जलाशयावर पसरलेल्या साल्व्हिनियाला स्थानिक लोकांनी ‘चायनीज झालर’ असे नाव दिले.

थर जमला की खालच्या पाण्यात उजेड पोचत नाही, वाऱ्याने पाणी ढवळले जात नाही, आणि वरून प्राणवायू विरघळण्याची वाट बंद होते. खाली कुजणाऱ्या मुळा-पानांना मात्र प्राणवायू लागतच असतो. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या पिस्टिया आणि जलपर्णीच्या मुळांना टोचून त्यातूनच श्वास घेतात; केरळमध्ये हत्तीरोगाच्या एका प्रकाराचा प्रसार या डासांमुळे झाला. साध्या अळीनाशकाने त्यांचा बंदोबस्त अवघड असतो, कारण अळी श्वासासाठी पृष्ठभागावर येतच नाही.

हायड्रिलाची बाब थोडी निराळी. ती भारतातली देशी वनस्पती आहे, पण विसाव्या शतकाच्या मध्याला मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली आणि अमेरिकेतल्या तलावांची सर्वांत महागडी डोकेदुखी बनली. होडीच्या पंख्यात अडकणारी, वल्ह्याला गुंडाळणारी, पोहणाऱ्याच्या पायाला लागणारी ती हीच. मराठीत तिलाही सर्रास शेवाळच म्हटले जाते, पण तिला खोड, पाने आणि गाळात रुतलेले कंद असतात. खरे शेवाळ म्हणजे पाण्याला हिरव्या रंगाची कळा आणणारे सूक्ष्म जीव, आणि त्यांच्यातले नील-हरित जिवाणू तर शास्त्राच्या हिशेबाने वनस्पतीही नव्हेत. ही ओळखपाळख कोरडी वाटली तरी उपाय तिच्यावरच ठरतो: जलपर्णी खाणारा भुंगा हायड्रिलाला तोंड लावत नाही आणि हायड्रिला फस्त करणारा मासा जलपर्णीकडे बघत नाही.

ही सगळी वाढ कशावर होते, याचे उत्तर कॅनडातल्या एका सरोवरात १९७३ साली डोळ्यांना दिसेल असे मिळाले. ऑन्टारिओ प्रांतातल्या ‘सरोवर २२६’ या दोन खोलगटींच्या तळ्यात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नत्र घातले, दुसऱ्यात त्याच्या जोडीला फॉस्फरस, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेतले स्फुरद. स्फुरद घातलेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेले ते छायाचित्र पुढे डिटर्जंटमधल्या फॉस्फेटविरुद्धच्या वादात पुराव्यासारखे वापरले गेले. उथळ आणि उष्ण तलावांत नत्राचाही वाटा मोठा असतो, यावर संशोधकांत अजून वाद आहे. तरी व्यवहारात आवर घालता येतो तो स्फुरदालाच, कारण नत्र हवेतून घेणारे नील-हरित जिवाणू असतात, स्फुरद हवेतून कोणाला मिळत नाही.

शहरी तलावात स्फुरद येते मैलापाण्यातून, कपडे-भांड्यांच्या साबणातून, गोठ्यांतून, बागांच्या खतातून आणि पावसाने धुतलेल्या मातीतून. यांत मैलापाण्याचे वजन किती, हे एका हिशेबाने नीट कळते. समजा आठ-नऊ हजार वस्तीचे, दररोज दहा लाख लीटर मैलापाणी एका नाल्याने तलावात उतरते. अशा पाण्यात लीटरला ५ मिलिग्रॅम स्फुरद धरले, आणि हा अंदाज जास्तीचा नाही, तर दिवसाला ५ किलो आणि वर्षाला सुमारे १,८२५ किलो स्फुरद तलावात जाते. पवईची साठवण ५४५ कोटी लीटर मानली जाते. एवढ्या मोठ्या तलावातही हे सारे स्फुरद पाण्यातच राहिले असते तर लीटरमागे ३३५ मायक्रोग्रॅम प्रमाण झाले असते. जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीत लीटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या वरचे पाणी सकस आणि १०० च्या वरचे अतिसकस धरतात. प्रत्यक्षात काही भाग गाळात बसतो, काही पावसाळ्यात सांडव्यावरून निघून जातो. पण सीमारेषा ओलांडायला एक मध्यम नाला पुरेसा आहे, हे यातून दिसते.

आता तोच हिशेब जलपर्णीच्या बाजूने. एक टन ओली जलपर्णी म्हणजे साधारण ५० किलो सुका भाग, आणि सुक्या भागात स्फुरद अर्ध्या टक्क्याहूनही कमी. टनामागे २०० ग्रॅमच्या आसपास. वरच्या नाल्याने आणलेले दिवसाचे ५ किलो स्फुरद तणाच्या रूपाने बाहेर काढायचे तर रोज २५ टन जलपर्णी, एकही दिवस खाडा न करता, काढून तलावाच्या पाणलोटाबाहेर न्यावी लागेल. वर्षाला ती ९,००० टनांच्या पुढे जाते. ‘जलपर्णी पाणी शुद्ध करते, तेव्हा तिला वाढू द्या आणि काढत राहा’ ही सूचना अधूनमधून उत्साहाने मांडली जाते. तत्त्वतः ती खोटी नाही. डंपरच्या फेऱ्या मोजल्या की ती मागे पडते. याच आकडेमोडीमुळे नाला तसाच ठेवून केलेली तणाची सफाई पुढच्या फेब्रुवारीपर्यंत टिकत नाही.

उलट टोकाची चूकही होते. तलाव ‘तणमुक्त’ करण्याच्या भरात पाण्याखालची झाडेही मुळासकट काढली जातात आणि वर्षभरात पाणी मुगाच्या कढणासारखे दिसू लागते. उथळ तलावाला दोन स्थिर अवस्था असू शकतात, ही मांडणी डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली केली. एका अवस्थेत पाण्याखाली वनस्पती, वर नितळ पाणी: झाडे गाळ धरून ठेवतात, शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म पाणपिसवांना आसरा देतात. दुसऱ्या अवस्थेत पाणी गढूळ-हिरवे, उजेड तळापर्यंत जात नाही म्हणून झाडे उगवत नाहीत आणि झाडे नाहीत म्हणून गाळ उठत राहतो. एकदा दुसऱ्या अवस्थेत गेलेला तलाव परत आणायला स्फुरद मूळ पातळीच्या बरेच खाली आणावे लागते. म्हणून नौकाविहाराच्या तलावात होड्यांचे मार्ग आणि धक्क्याजवळचा भाग मोकळा, बाकी तळाचा काही हिस्सा वनस्पतींखाली, ही वाटणी संपूर्ण सफाईपेक्षा शहाणपणाची. होड्यांच्या मार्गांपलीकडे कापणी केली तर हायड्रिलाचे तुटलेले तुकडे वाहत जाऊन नव्या जागी रुजतात, हाही त्यातला एक धोका.

पाण्याची प्रत ठरवताना वापर कोणता हे आधी पाहिले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत उघड्यावर आंघोळ करण्याजोगे पाणी ‘ब’ वर्गात येते: विरघळलेला प्राणवायू लीटरला किमान ५ मिलिग्रॅम, जैविक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमपर्यंत, सामू ६.५ ते ८.५, आणि एकूण कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलीलीटरला ५०० किंवा कमी. मत्स्यजीवन आणि वन्यप्राण्यांसाठीच्या ‘ड’ वर्गात प्राणवायू ४ मिलिग्रॅम चालतो, मात्र मुक्त अमोनियावर मर्यादा आहे. नौकाविहारात पाणी अंगावर उडते, लहान मुले हात घालतात, तेव्हा कोलिफॉर्मचा आकडा काठावरच्या शोभेपेक्षा महत्त्वाचा आहे. तो फलकावर लावण्याची पद्धत मात्र आपल्याकडे विरळा.

मोजणीची वेळ हा दुर्लक्षित मुद्दा. हिरव्या पाण्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे प्राणवायू संपृक्ततेच्याही वर जातो, आणि रात्रभर सगळ्यांचा श्वास चालू राहिल्याने पहाटे नीचांकाला पोचतो. अकरा वाजता नमुना घेतला तर आजारी तलावही उत्तम गुणांनी पास होतो. मासे मरतात ते पहाटे, तेही बहुधा ढगाळ हवा सलग राहिल्यावर किंवा पहिल्या वळवाने नाल्यात साठलेली घाण एकदम तलावात लोटल्यावर. सूर्योदयापूर्वीचे एक माप दुपारच्या दहांहून जास्त सांगते. दुसरे स्वस्त साधन म्हणजे २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेच्ची तबकडी. इटालियन धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेच्ची यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. दोरीला बांधून ती कुठल्या खोलीला दिसेनाशी होते ते दर आठवड्याला टिपले तर तलाव कुठल्या दिशेने चालला आहे हे प्रयोगशाळेच्या अहवालाआधी कळते.

नील-हरित जिवाणूंची साय आली तर प्रश्न केवळ वासाचा राहत नाही. मायक्रोसिस्टिससारख्या जाती यकृताला घातक विषे तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिनसाठी पिण्याच्या पाण्यात लीटरला १ मायक्रोग्रॅम आणि करमणुकीच्या पाण्यात २४ मायक्रोग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचवली आहे. काठावर हिरव्या रंगासारखी दाट साय साचली असेल तेव्हा कुत्री आणि गुरे पाण्याला लावू नयेत, पोहणे बंद ठेवावे. अशा वेळी मोरचूद टाकण्याचा जुना रिवाज आहे. त्याने पेशी फुटतात, विष एकदम पाण्यात मिसळते, आणि तांबे गाळात कायमचे जाऊन बसते.

उपायांचा क्रम नाल्यापासून सुरू होतो. सिएटल शहराचे वॉशिंग्टन सरोवर हे याचे सर्वांत नीट नोंदलेले उदाहरण. भोवतालच्या वसाहतींचे प्रक्रिया केलेले मैलापाणी १९५० च्या दशकात त्यात सोडले जात होते, प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी आधीच इशारा दिला, नागरिकांनी १९५८ साली मतदानाने वेगळे मलनिस्सारण मंडळ स्थापले आणि १९६३ ते १९६८ या काळात सारे मैलापाणी सरोवराबाहेर वळवले. काही वर्षांतच पाणी निवळले. खोल सरोवर, थंड हवा, गाळात साठलेले स्फुरद कमी: या सोयी दख्खनच्या उथळ तलावांना नाहीत, त्यामुळे इथे नाला वळवल्यावर धीर जास्त धरावा लागतो. पण वळवल्यावाचून गत्यंतर नाही हे दोन्हीकडे सारखेच.

नाला वळवणे म्हणजे बंधारा घालून कोरड्या ऋतूतले पाणी गटारवाहिनीत घेणे. यात दोन अडचणी हमखास येतात. पहिली, पावसाळ्यात वाहिनी भरते आणि मिश्र पाणी बंधाऱ्यावरून तलावात येते. दुसरी, सगळाच प्रवाह वळवला तर उन्हाळ्यात तलाव आटतो. त्यावर प्रक्रिया केलेले पाणी परत तलावात सोडण्याचा मार्ग बंगळूरच्या जक्कूर तलावाने दाखवला: दररोज एक कोटी लीटर क्षमतेच्या मैलाशुद्धीकरण केंद्राचे पाणी आधी पाणवनस्पतींच्या बांधीव पाणथळीतून फिरते आणि मग तलावात उतरते. नेहमीची शुद्धीकरण पद्धत प्राणवायूची मागणी घटवते, स्फुरद मात्र फारतर एक तृतीयांश काढते. म्हणून ही मधली पाणथळ शोभेसाठी नाही. ती दरवर्षी कापावी लागते, अन्यथा साठवलेले स्फुरद तीच परत देते.

उत्सवांचा भार वर्षातून मोजक्या दिवसांचा, पण उथळ तलावाला जाणवणारा. निर्माल्य कुजताना प्राणवायू खाते. प्लास्टर ऑफ पॅरिस विरघळत नाही, तळाला थर होऊन बसते. रंगांतले जड धातू गाळात जातात. ठाण्याने कृत्रिम विसर्जन तलावांची सुरुवात लवकर केली आणि आता ती बहुतेक शहरांत रूढ आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टर विरघळवण्याची रीत दिली. त्यातून कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट मिळते. दुसरे चक्क खत आहे, तेव्हा बादलीतले ते पाणी झाडांना घालावे, तलावात ओतले तर सारे मुसळ केरात.

नाला बंद झाल्यावरही तलाव लगेच सुधारत नाही, कारण वर्षानुवर्षांचे स्फुरद गाळात असते. प्राणवायू असेपर्यंत ते लोहाशी बांधलेले राहते. तळाशी प्राणवायू संपला की लोहाचे रूप बदलते आणि स्फुरद पाण्यात सुटते. इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी ही प्रक्रिया उलगडली. गाळ काढणे हा त्यावर सरळ उपाय, आणि उन्हाळ्यात तलाव कोरडा करून पोकलेनने गाळ उचलणे हे इथल्या यंत्रणेच्या अंगवळणी पडलेले काम. खोली वाढते आणि हायड्रिलाचे कंदही निघतात. परंतु शहरी तलावाचा गाळ ग्रामीण पाझर तलावाच्या गाळासारखा डोळे झाकून शेतात टाकता येत नाही. जड धातूंची तपासणी आधी हवी. काठावरच ढीग रचला तर पहिल्या पावसात तो परत आत येतो, आणि हे घडताना कोणत्याही शहरात पाहायला मिळते. परदेशांत तुरटीसारखी ॲल्युमिनियमची संयुगे किंवा लँथॅनम मिसळलेली चिकणमाती टाकून गाळातले स्फुरद बांधून ठेवतात. हे उपाय नवीन स्फुरद येणे थांबल्यावरच अर्थपूर्ण ठरतात.

तण काढण्याच्या पद्धतींत हाताने काढणे सर्वांत जुने आणि लहान तलावात आजही सर्वांत नेमके. मोठ्या तलावावर तरंगती कापणी यंत्रे, पट्टे असलेले तराफे आणि काठावरून पोकलेन वापरतात. जलपर्णी वाऱ्याने एका बाजूला लोटली जाते. तरंगता अडसर बांधून ती तिथेच अडवली तर यंत्राच्या फेऱ्या निम्म्यावर येतात. काढलेले तण काठावर एक-दोन दिवस निथळू दिले की वजन घटते, पण तो निथळा तलावात उतरता कामा नये. त्याचे कंपोस्ट होते, बायोगॅस होतो, टोपल्या आणि चटयाही होतात. या वस्तूंची प्रदर्शने भरतात तेव्हा वाटते तितके तण त्यात खपत नाही, हे खरे. खताच्या ढिगात बी मरेल इतकी उष्णता येते की नाही, हे पाहायला हवे. पवईसारख्या मगरींच्या तलावात यंत्रे कधी आणि कुठे चालवायची हाही प्रश्न असतो: मगर उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या मातीत अंडी घालते आणि तणसफाईचा मोसमही नेमका तोच.

जैविक नियंत्रणाची कहाणी साल्व्हिनियाच्या बाबतीत जवळजवळ निर्भेळ यशाची आहे. सिर्टोबॅगस जातीचा ब्राझीलमधला भुंगा १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी आणि केरळात सोडला गेला आणि त्याने मैलोगणती पाणी मोकळे केले. अलीकडे मध्य प्रदेशात कटनीजवळच्या तलावात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने सोडलेल्या भुंग्यांनी सुमारे दीड वर्षात तेच केले. जलपर्णीवरचे निओकेटिना भुंगे भारतात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेमार्फत आले. तिथल्या तलावांत आणि मणिपूरच्या लोकटाकमध्ये त्यांनी चांगला परिणाम दाखवला. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९९० च्या दशकाअखेर जलपर्णी झपाट्याने घटली त्यातही त्यांचा मोठा हात होता, जरी त्या काळच्या एल निनोच्या हवामानाचा वाटा किती यावर मतभेद आहेत. भुंग्यांना दोन ते चार वर्षे लागतात. मैलापाण्यावर पोसलेली जलपर्णी ते खातात त्याहून वेगाने वाढते. आणि महापालिका दरवर्षी यंत्राने सगळा थर उचलते तेव्हा त्याच्यासोबत भुंग्यांची पुढची पिढीही डंपरमध्ये जाते. दोन्ही उपाय एकाच तलावात करायचे तर काही पट्टा भुंग्यांसाठी राखूनच यंत्र लावावे लागते.

गवत्या मासा १९५९ साली हाँगकाँगमधून भारतात आणला गेला. हायड्रिला त्याचे आवडते खाद्य. साठलेल्या पाण्यात त्याची वीण होत नसल्याने संख्या आटोक्यात ठेवता येते. बोटुकली जास्त सोडली तर तो पाण्याखालची सगळी झाडे संपवतो, त्यांतले स्फुरद विष्ठेवाटे पाण्याला परत देतो, आणि तलाव हिरव्या अवस्थेत ढकलला जातो. थोडे सोडणे आणि वर्षभर पाहणे, हीच सुरक्षित रीत.

तणनाशकांची ओढ समजण्यासारखी आहे: खर्च कमी, परिणाम आठवड्यात. पण मेलेले तण तिथेच बुडते, कुजते, प्राणवायू ओढते आणि साठवलेले सारे स्फुरद सोडून देते. विस्तृत थरावर एकदम फवारणी केल्यास मासे गुदमरून मरतात. करायचीच झाली तर पट्ट्या-पट्ट्यांनी आणि मेलेले तण लगेच उचलून. ग्लायफोसेटचा वापर नोंदणीकृत कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. ज्या तलावाचे पाणी पिण्याला, गुरांना किंवा मासेमारीला जाते तिथे फवारणीचा विचारच करू नये.

कारंजी लोकांना आवडतात आणि उद्घाटनालाही बरी दिसतात. उडणाऱ्या पाण्यातून मिसळणारा प्राणवायू त्याच्या भोवतालच्या वर्तुळापुरता असतो. तळाशी नळ्या टाकून बारीक बुडबुडे सोडणारी यंत्रणा जास्त कामाची. नैनितालच्या नैनी सरोवरात ती २००७ पासून चालू आहे आणि तळाच्या प्राणवायूत सुधारणा दिसली. ते सरोवर खोल आहे. दोन-तीन मीटर खोलीच्या तलावात तीच यंत्रणा गाळ उठवण्याचा संभव असतो, आणि वीज बंद झाली की आठवड्यात परिस्थिती जशीच्या तशी. जिवाणूंची तयार द्रावणे टाकण्याचे कंत्राट अनेक शहरांनी दिले आहे. ती सेंद्रिय घाण थोडी लवकर पचवतात. स्फुरद पचून नाहीसे होत नसते. हैदराबादच्या नेकनामपूर तलावासारखी तरंगती वनस्पती-बेटे पक्ष्यांना आसरा देतात, पाण्याचाही थोडा फायदा करतात, पण तलावाच्या मानाने त्यांचे क्षेत्र फार लहान असते.

विरंगुळ्याच्या सोयीही पाण्यावर परिणाम करतात. सभोवती सिमेंटची भिंत घातली की उथळ काठ जातो, आणि वाहून येणारी माती व खत गाळून घेणारी पाणकणसाची पट्टी त्याबरोबर जाते. पवईच्या काठाने सायकलचा आणि धावण्याचा मार्ग बांधण्याचे काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवले, त्यात पाणथळ जागांविषयीच्या नियमांचा आधार होता. यांत्रिक होड्या उथळ पाण्यात गाळ ढवळतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावासारख्या ठिकाणी वल्ह्याच्या आणि पायडलच्या होड्या पाण्याला कितीतरी सोसवणाऱ्या. एका तलावातली होडी दुसरीकडे नेताना तळ धुऊन सुकवला नाही तर हायड्रिला आणि साल्व्हिनियाचे तुकडे तिच्यासोबत जातात. माशांना पाव आणि कुरमुरे घालण्याची हौसही शेवटी तलावात स्फुरदच घालते.

पैशाची बाजू. केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत ७०:३० या प्रमाणात केंद्र-राज्य वाटा होता, आणि तीत पवई, रंकाळा, ठाण्याचे नऊ तलाव, सोलापूरचे सिद्धेश्वर तळे अशी महाराष्ट्रातली कामे घेतली गेली. २०१३ साली ती पाणथळ जागांच्या योजनेत विलीन झाली. असा भांडवली निधी भिंती, पंप, वाहिन्या यांना मिळतो. पुढची देखभाल शहराने करायची असते, आणि तिथेच घोडे पेंड खाते. तणाच्या कंत्राटाची रचनाही पाहण्याजोगी. टनावर पैसे दिले तर ठेकेदाराला ओले, दाट तण हवेच असते, आणि वजनकाट्यावर मुख्यतः पाणी तोलले जाते. मोकळे पाणी ठरावीक टक्क्यांच्या वर ठेवण्यासाठी महिन्यागणिक पैसे दिले तर तेच यंत्र आणि तीच माणसे पीक लहान असतानाच ते उचलतात.

कामाचे वेळापत्रक पावसावर बेतावे लागते. नाले, अडसर आणि पंप मेअखेर तपासून ठेवायचे. पावसाळ्यात सांडव्यावरून तण खालच्या नदीत जाऊ नये म्हणून जाळी लावायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी स्थिर झाले की काठाच्या कोपऱ्यांत, झुडपांच्या आडोशाला, नाल्यांच्या तोंडाशी जलपर्णीची सुटी रोपे असतात. त्या वेळी एक होडी आणि चार माणसे जे काम आठवड्यात करतात त्यालाच एप्रिलमध्ये पोकलेन आणि डंपर लागतात. तलाव पूर्ण मोकळा दिसला तरी ही फेरी पंधरा-वीस वर्षे दर हिवाळ्यात चालू ठेवावी लागते, कारण गाळातले बी तोवर उगवत राहते, आणि ज्या उन्हाळ्यात पाणी खाली जाऊन चिखल उघडा पडतो त्याच्या पुढच्या पावसात ते सर्वांत जास्त उगवते.